संलग्न संघ घराजवळ आणायचा असेल तर

न्यूयॉर्कच्या मेट्स या बेसबॉल क्लबचा ट्रिपल-ए संघ, म्हणजे मूळ संघाच्या लगेच खालच्या पायरीवरचा संलग्न संघ, २०१३ ते २०१८ अशी सहा वर्षे लास व्हेगासला होता. तिथला संध्याकाळी सातचा सामना दहाच्या सुमारास संपे, तेव्हा न्यूयॉर्कमध्ये रात्रीचा एक वाजलेला असे. मेट्सच्या एखाद्या खेळाडूचा स्नायू दुखावला आणि दुसऱ्या दिवशी दुपारच्या सामन्याला बदली माणूस हवा असला, तर लास व्हेगासमधल्या मुलाने अंघोळ उरकून, पिशवी भरून मध्यरात्रीचे विमान पकडायचे, पाच तास खुर्चीत कसेबसे डोळे मिटायचे आणि उतरल्यावर थेट मैदान गाठून ताशी पंचाण्णव मैलांच्या चेंडूपुढे उभे राहायचे, असा हा व्यवहार होता. संलग्न संघ जवळ का आणावा, या प्रश्नाचे बरेचसे उत्तर या एका रात्रीच्या प्रवासात आहे.

मेजर लीग बेसबॉल या अमेरिकेतल्या सर्वोच्च लीगमध्ये ३० क्लब आहेत आणि २०२१ पासून प्रत्येकाला पूर्ण हंगाम खेळणारे, वरच्या संघासाठी खेळाडू घडवणारे चार संलग्न संघ आहेत. वरून खाली ते असे: ट्रिपल-ए, डबल-ए, हाय-ए आणि सिंगल-ए. म्हणजे एकूण १२० संघ. हे संघ बहुधा दुसऱ्या गावचे, दुसऱ्या मालकाचे आणि दुसऱ्या नावाचे असतात. खेळाडूंचा आणि प्रशिक्षकांचा पगार मात्र मूळ क्लब देतो आणि कोणाला कुठे खेळवायचे हेही तोच ठरवतो; मैदान, तिकिटे, खाण्याचे गाळे, स्थानिक जाहिराती आणि कार्यालयातील माणसे हा संघमालकाचा प्रपंच असतो. ही कामांची विभागणी डोक्यात पक्की बसल्याशिवाय पुढचे काहीच नीट कळत नाही. संघ जवळ आणण्याचे काम कोणत्या क्रमाने करावे लागते, आणि आपल्या शहरातल्या क्लबाने ते केले तर ते शहाणपणाने केले आहे की नाही हे कसे तपासावे, ते पुढे मांडले आहे. क्रीडा व्यवस्थापन शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना आणि अमेरिकेत राहून मुलांबरोबर हा खेळ पाहू लागलेल्या मराठी पालकांना ते उपयोगी पडावे.

अंतर तासांत मोजावे

नकाशावर पट्टी ठेवून मैल मोजणे ही पहिली चूक. मोजायचे ते एवढेच की, रात्री साडेदहाला फोन आल्यापासून खेळाडू मूळ क्लबाच्या मैदानात पोशाख चढवून तयार होईपर्यंत किती तास जातात. विमानतळ छोटा असेल, थेट विमान नसेल आणि पहिलेच उड्डाण सकाळी असेल, तर चारशे मैलसुद्धा फार होतात. उलट रस्ता सरळ असेल तर अडीचशे मैलांवरचा खेळाडू गाडी हाकत नाश्त्याच्या वेळेला पोहोचतो. मेट्सनी लास व्हेगासऐवजी सिरॅक्यूज निवडले तेव्हा नेमके हेच साधले. सिरॅक्यूज न्यूयॉर्क शहराच्या शेजारी मुळीच नाही, सुमारे अडीचशे मैल दूर आहे. पण राज्य तेच, घड्याळ तेच आणि विमान चुकले तरी रस्ता हाताशी.

या मोजमापाचा कळस पाहायचा असेल तर मिनेसोटात यावे. मिनियापोलिसच्या ट्विन्स क्लबचा ट्रिपल-ए संघ २००३ पासून २०२० पर्यंत न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टरला, म्हणजे सुमारे हजार मैलांवर होता. २०२१ पासून तो सेंट पॉलला आहे. ट्विन्सचे टार्गेट फील्ड आणि सेंट पॉलचे सीएचएस फील्ड यांच्यात दहा-बारा मैलांचे अंतर आहे आणि ग्रीन लाइन ही ट्राम दोन्ही शहरांना जोडते. तिचे एक टोक टार्गेट फील्डपाशी आणि दुसरे सेंट पॉलच्या युनियन डेपोपाशी असून डेपोवरून सीएचएस फील्डला पायी जाता येते. मी एकदा मुद्दाम या टोकापासून त्या टोकापर्यंत बसून गेलो. तासाभराच्या आतला प्रवास, खिडकीबाहेर विद्यापीठ, मग युनिव्हर्सिटी अव्हेन्यूवरची व्हिएतनामी हॉटेले, मग राज्याच्या विधानभवनाचा घुमट. बेसबॉलमधले सर्वांत अवघड स्थित्यंतर, ज्यासाठी कित्येकांची उमेदीची वर्षे जातात, तेवढ्या अंतरात बसलेले आहे. खेळाडू अर्थातच ट्रामने जात नाहीत, गाडीने अर्ध्या तासात पोहोचतात.

तास कमी झाल्याने बदली खेळाडू वेळेवर येतो, हा दिसणारा फायदा. न दिसणारे अधिक आहेत. दुखापतीतून उठलेला तारांकित खेळाडू परतीच्या सरावासाठी खालच्या संघात खेळतो. पिचरला, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याला, त्यासाठी जास्तीत जास्त ३० दिवस आणि इतरांना २० दिवस मिळतात. संघ जवळ असला की हा खेळाडू रात्री स्वतःच्या घरी झोपतो आणि सकाळी क्लबाच्या नेहमीच्याच डॉक्टरांना दाखवून संध्याकाळी मैदानात उतरतो. वर-खाली होणाऱ्या खेळाडूच्या बायकोला दर दोन महिन्यांनी भाड्याचे घर बदलावे लागत नाही. क्लबाचा महाव्यवस्थापक दुसऱ्यांचे अहवाल वाचत बसण्याऐवजी एखाद्या मंगळवारी स्वतः जाऊन एखाद्या पोराचा खेळ पाहून येतो. शिवाय हवा तीच राहते. लास व्हेगाससारख्या कोरड्या आणि उंचावरच्या ठिकाणी मारलेला चेंडू अधिक दूर जातो, त्यामुळे तिथे मार खाणारा पिचर खरोखरच वाईट आहे की हवेचा बळी आहे, हे न्यूयॉर्कमध्ये बसून ओळखणे कठीण होते. हवा एक असण्याचा तोटा एवढाच की, वळवाचा एकच ढग दोन्ही मैदानांवरचे सामने धुऊन नेतो.

मात्र जवळ संघ आहे म्हणून रोज उठून माणसे वर-खाली करता येत नाहीत, हे हिशेब मांडताना विसरू नये. सामन्यासाठी २६ जणांचा चमू असतो आणि त्यामागे ४० जणांची राखीव धरून यादी असते. या यादीतला खेळाडू खाली पाठवला की पिचर असल्यास किमान १५ दिवस आणि इतर असल्यास किमान १० दिवस तो परत बोलावता येत नाही. वरचा कोणी जखमी झाला तर त्याला अपवाद. २०२२ पासून एका हंगामात एकाच खेळाडूला पाचांहून अधिक वेळा असे खाली धाडताही येत नाही. म्हणून जवळिकीचा खरा उपयोग दुखापतीच्या दिवशी होतो. जो क्लब नियोजनच नीट करत नाही, त्याला शेजारचा संघ वाचवू शकत नाही.

हे सगळे ट्रिपल-एविषयी झाले. डबल-ए आणि त्याखालच्या संघांतून माणूस रातोरात क्वचितच बोलावला जातो, तेव्हा त्यांच्या अंतरासाठी जीव टाकू नये. पैसे आणि शब्द खर्च करायचे ते ट्रिपल-एवर.

नेमके काय हलते आहे?

"संघ जवळ आला" या एकाच वाक्याखाली तीन वेगवेगळ्या घटना खपवल्या जातात. पहिल्या प्रकारात कोणताच संघ जागचा हलत नाही, फक्त नाते बदलते. सॅन फ्रान्सिस्कोच्या जायंट्सचा ट्रिपल-ए संघ १९९८ ते २०१४ फ्रेस्नोला होता. २०१५ पासून त्यांनी जवळच्या सॅक्रामेंटोशी करार केला. दोन्ही गावांतले संघ जिथल्या तिथे राहिले, खेळाडू तेवढे बदलले. दुसऱ्या प्रकारात संघच बिऱ्हाड उचलतो: अटलांटाच्या ब्रेव्हज क्लबाने १९६६ पासून रिचमंडला असलेला आपला संघ २००९ मध्ये पाचशेहून अधिक मैलांवरून अटलांटाच्या उपनगरात, ग्विनेट काउंटीत आणला. तिसऱ्या प्रकारात घराजवळचा एखादा स्वतंत्र संघ, जो कोणत्याच क्लबाच्या छत्राखाली नसतो, तो छत्राखाली घेतला जातो. सेंट पॉलचा सेंट्स आणि ह्यूस्टनजवळच्या शुगर लँडचा संघ असेच आले. खर्च, विरोध आणि लागणारा वेळ या तिन्हींत इतका वेगळा असतो की, बातमी वाचताना आधी हा प्रकार ओळखावा आणि मगच मत बनवावे.

कागद आणि मालकी

जुन्या पद्धतीत क्लब आणि संलग्न संघ दोन किंवा चार वर्षांचे करार करत आणि ते सम वर्षी संपत. त्या वर्षी सप्टेंबरात सगळे एकदम जोडीदार शोधू लागत. चांगल्या मैदानाचा, जवळचा संघ ज्याला त्याला हवा असे आणि शेवटी उरलेल्यांना उरलेले घ्यावे लागे. लहान मुलांच्या संगीतखुर्चीत जे होते, तेच. या खेळात ह्यूस्टनच्या अॅस्ट्रोजची किती वणवण झाली ते पाहण्यासारखे आहे: १९९७ पासून न्यू ऑर्लिन्स, २००५ पासून राउंड रॉक, २०११ पासून ओक्लाहोमा सिटी, २०१५ पासून थेट कॅलिफोर्नियातील फ्रेस्नो, २०१९ मध्ये पुन्हा राउंड रॉक. राउंड रॉक टेक्सासमध्येच आहे, पण तिथले मालक वेगळे. करार संपला की नाते संपले. अखेरीस अॅस्ट्रोजनी शुगर लँडच्या संघातला मोठा हिस्साच विकत घेतला आणि २०२१ पासून त्यांचा ट्रिपल-ए संघ ह्यूस्टनच्या मध्यापासून वीस-पंचवीस मैलांवर खेळतो.

मेट्सनीही तेच केले. लास व्हेगासचा करार संपायची वाट पाहत बसण्याऐवजी त्यांनी २०१७ मध्ये सिरॅक्यूजचा संघ, जो तोवर गावकऱ्यांच्या सामुदायिक मालकीचा होता, तो खरेदी केला. आता यातली गंमत पाहावी. सिरॅक्यूज तेव्हा वॉशिंग्टनच्या नॅशनल्सचा संलग्न संघ होता. मालक मेट्स झाले म्हटल्यावर २०१८ च्या हंगामानंतर नॅशनल्सना निघावेच लागले, आणि खुर्च्या भरत गेल्या तसे त्यांच्या वाट्याला फ्रेस्नो आले, म्हणजे राजधानीपासून अख्खा खंड ओलांडून पलीकडे. एका क्लबाचे अंतर घटले ते दुसऱ्याच्या अंगावर पडले. पुढे ट्विन्सनी रॉचेस्टर सोडले तेव्हा ती जागा २०२१ पासून नॅशनल्सना मिळाली आणि त्यांचीही सुटका झाली.

आज हे नाते मेजर लीगने दिलेल्या दहा वर्षांच्या परवान्याने बांधलेले आहे. २०२० मध्ये मेजर लीग आणि खालच्या लीगांमधला जुना सर्वसाधारण करार संपला, मेजर लीगने सगळी व्यवस्था आपल्या हाती घेतली, १६० संलग्न संघांचे १२० केले आणि त्या डिसेंबरात कोणाशी कोण जोडले जाणार याची यादी जाहीर केली. सेंट पॉल आणि शुगर लँड या दोघांनाही त्याच फेरीत आत येता आले. म्हणून आज एखाद्या क्लबाला संघ जवळ आणायचा असेल तर त्याने तीन कागद आधी पाहावेत: परवान्याची मुदत, संघाची मालकी, आणि ज्या भागात जायचे तिथल्या क्षेत्रहक्कांवर, म्हणजे त्या भागात संघ चालवण्याच्या हक्कावर, दुसऱ्या कोणाचा दावा आहे का. माझ्या मते यात मालकीचा कागद सर्वांत वजनदार आहे. करारावर आलेला संघ पाहुण्यासारखा असतो. विकत घेतलेला घरचा होतो. पण विकत घेणे प्रत्येक वेळी गरजेचेच असते असे नाही. ट्विन्सनी सेंट्स विकत घेतला नाही, त्या वेळी जुन्याच मालकांकडे राहू दिला, आणि तरी संसार नीट चालला.

मैदान

नव्या व्यवस्थेत मैदानांसाठी कडक निकष आले: खेळाडूंच्या खोल्यांचे क्षेत्रफळ, छताखाली फलंदाजीचा सराव करण्याची सोय, दिव्यांचा प्रकाश, नीट जेवायची जागा, महिला प्रशिक्षक आणि कर्मचाऱ्यांसाठी स्वतंत्र खोल्या. त्यांच्या पूर्ततेसाठी बहुतेकांना काही वर्षांची मुदत मिळाली. जवळचे मैदान या निकषांत बसत नसेल तर दुरुस्तीचा खर्च क्लब देणार, संघमालक देणार की नगरपालिका, हे घोषणेच्या आधी लेखी ठरले पाहिजे. हा खर्च बहुधा करदात्यांच्या खिशाकडे सरकतो. सेंट पॉलचे सीएचएस फील्ड २०१५ चे आणि शुगर लँडचे मैदान २०१२ चे, म्हणून त्यांना हा अडसर फारसा जाणवला नाही. रिचमंडला मात्र जुन्या मैदानाच्या जागी नवे बांधण्यावरून वर्षानुवर्षे बोलणी चालली आणि फिसकटली, आणि ब्रेव्हज निघून जाण्याचे ते मुख्य कारण ठरले. ग्विनेट काउंटीने सार्वजनिक पैशातून त्यांना नवे मैदान बांधून दिले.

पिकते तिथे विकत नाही

आता कटू भाग. ग्विनेटला संघ आला, मैदान नवे मिळाले, खेळाडूंची सोय झाली. प्रेक्षक मात्र फिरकेनात. पुढची अनेक वर्षे त्याच्या ट्रिपल-ए लीगमध्ये सर्वांत कमी गर्दी होणाऱ्या ठिकाणांत ग्विनेटचे नाव राहिले. कारण उघड आहे. तीस-पस्तीस मैलांवर खुद्द ब्रेव्हज खेळत असताना, त्यांच्याच नावाने खेळणारी उद्याची पोरे पाहायला आज तिकीट कोण काढणार? रिचमंडमध्ये हाच संघ गावाचा मानबिंदू होता, अटलांटात तो उरलासुरला झाला.

मग सेंट पॉलला असे का झाले नाही? कारण तो संघ १९९३ पासून स्वतःच्या हिमतीवर उभा होता. सामन्यात पंचांकडे चेंडू नेऊन द्यायला डुकराचे पिल्लू, दोन डावांच्या मध्ये चाललेले वेडेचाळे, स्वस्त तिकिटे आणि मिनियापोलिसविषयी सेंट पॉलकरांच्या मनात असलेली जुनी असूया, या सगळ्यावर त्याने आपला प्रेक्षक तयार केला होता. ट्विन्सशी नाते जुळले तेव्हा प्रेक्षक आधीच बसलेला होता. शुगर लँडच्या संघाचेही तसेच. पन्नाशीच्या रॉजर क्लेमेन्सने २०१२ मध्ये तिथे पिचिंग केले होते, तेव्हापासून गावाला त्याची सवय होती.

तेव्हा जवळची जागा निवडताना विचारायचा प्रश्न हा: मूळ क्लबाचे नाव काढून टाकले तरी इथे कोणी सामना पाहायला येईल का? उत्तर "नाही" असेल तर सरावासाठी ती जागा उत्तम आणि गल्ल्यासाठी वाईट आहे, हे मान्य करून मगच पुढे जावे. वेळापत्रकही जोडून पाहावे. ट्रिपल-ए संघ साधारणपणे मंगळवार ते रविवार एकाच प्रतिस्पर्ध्याशी सहा सामने खेळतो आणि सोमवारी सुट्टी घेतो. मूळ क्लब घरी असताना संलग्न संघ जितका बाहेरगावी असेल तितके बरे.

नावाचा प्रश्न याच्याशीच जोडलेला आहे. दूरच्या गावात मूळ क्लबाचे नाव शोभते. सिरॅक्यूजने ते घेतले आणि ते चालले. शेजारी मात्र ते गोंधळ घालते. ग्विनेटच्या संघाने २०१८ मध्ये ब्रेव्हज हे नाव टाकून स्ट्राइपर्स हे माशाचे नाव घेतले. सेंट्सनी जुने नाव सोडलेच नाही, आणि तेच शहाणपणाचे.

मागे राहणारे गाव

संघ जवळ आणणाऱ्या क्लबाला कोणालातरी मागे सोडावे लागते. ते काम नीट करावे: बातमी वर्तमानपत्रातून कळण्याआधी तिथल्या मालकांना प्रत्यक्ष भेटून सांगावी, हंगामी तिकिटे घेतलेल्यांना वेळेत कळवावे, आणि दुसरा क्लब मिळवण्यासाठी त्या गावाला जमेल ती मदत करावी. रिचमंडला २०१० मध्ये डबल-ए संघ मिळाला आणि गावाने त्याला इतके डोक्यावर घेतले की, खालच्या श्रेणीचा असूनही त्याची गर्दी ग्विनेटला लाजवणारी ठरली. फ्रेस्नोच्या नशिबी ते नव्हते.

फ्रेस्नोची कथा प्रत्येक महाव्यवस्थापकाने भिंतीवर लावावी अशी आहे. त्या "दूरच्या" गावात ज्यांचा ट्रिपल-ए संघ होता, त्यांनी त्याच काळात पाच विश्वमालिका (वर्ल्ड सिरीज, म्हणजे मेजर लीगचे विजेतेपद) जिंकल्या: जायंट्सनी २०१०, २०१२ आणि २०१४ मध्ये, अॅस्ट्रोजनी २०१७ मध्ये आणि नॅशनल्सनी २०१९ मध्ये. तिघेही तिथून जवळच्या गावी निघून गेले आणि २०२१ च्या फेररचनेत फ्रेस्नोला ट्रिपल-एवरून थेट सिंगल-एवर उतरवले गेले. तेव्हा संघ जवळ आला की करंडक येतो, असे प्रेक्षकांना सांगून तिकिटे विकू नयेत. जवळिकीने दगदग वाचते, पैसा वाचतो, डोळ्यांसमोर माणसे घडतात. एवढे आश्वासन पुरेसे आहे.

प्रेक्षकाने काय करावे

तुमच्या शहरात असा संघ आला असेल तर पहिल्या हंगामात तीन गोष्टी कराव्यात. रोज सकाळी मूळ क्लबाच्या खेळाडूंची हलवाहलव पाहावी. मोठा खेळाडू परतीच्या सरावाला येणार असल्याचे तिथे कळते आणि एरवी महाग तिकीट काढून दुरून दिसणारा माणूस वीस फुटांवरून दिसतो. तिकीट मंगळवारचे किंवा बुधवारचे काढावे, कारण शुक्रवारी आतषबाजीच्या गर्दीत खेळ कमी आणि रांगा जास्त पाहायला मिळतात. मुलांना घेऊन शक्यतो घरच्या संघाच्या डगआउटच्या, म्हणजे खेळाडूंच्या बसायच्या जागेच्या, वरच्या रांगेत बसावे.

ही शेवटची सूचना सकारण आहे. सेंट पॉलला एका बुधवारी सहाव्या डावात शॉर्टस्टॉपला, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधल्या क्षेत्ररक्षकाला, अचानक बाहेर बोलावले. तो लंगडत नव्हता, पंचाशी भांडलाही नव्हता. डगआउटच्या पायऱ्यांवर प्रशिक्षकाने त्याच्या कानाशी काही सांगितले, आणि मग एकेक सहकारी उठून त्याला मिठी मारू लागला. मैदानावर खेळ चालूच होता. आमच्या पुढच्या रांगेतल्या आजोबांनी रेडिओचा इयरफोन काढला, घड्याळ पाहिले आणि आपल्या नातवाला सांगितले की, हा उद्या दुपारी पलीकडे खेळणार. आम्ही सामना संपायच्या आधीच उठलो आणि युनियन डेपोच्या फलाटावर उभे राहून दुसऱ्या दिवशीची तिकिटे फोनवरून काढली.